कोरियन वॉर सर्व्हिस मेडल: कोण पात्र, कोण नाही, आणि कागद कुठले लागतात

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमधून हा प्रश्न वरचेवर येतो. शेजारचे आजोबा कोरियात लढलेले असतात, किंवा सुनेच्या माहेरचं, जावयाच्या घरचं कोणी. त्यांच्याकडे दोन-तीन पदकं असतात, पण कोरियन सरकारने देऊ केलेलं पदक मात्र नसतं. मग घरातली कागदपत्रं नीट वाचू शकणारी, फॉर्म भरण्याची सवय असलेली एखादी व्यक्ती ते काम अंगावर घेते. अशा व्यक्तीसाठी हे लिहिलं आहे. महाराष्ट्रातल्या काही घरांचाही या विषयाशी संबंध येतो, त्याबद्दल शेवटी सांगितलं आहे.

आपण बोलतोय ते पदक म्हणजे 'रिपब्लिक ऑफ कोरिया वॉर सर्व्हिस मेडल'. दक्षिण कोरियाच्या संरक्षण मंत्रालयाने ते १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, अमेरिकी सैनिकांना देऊ केलं होतं. अमेरिकी राज्यघटनेनुसार सरकारी सेवेतल्या माणसाला काँग्रेसच्या संमतीशिवाय परक्या सरकारकडून भेट किंवा किताब घेता येत नाही, आणि तेव्हाचा कायदाही परकीय सेवा-पदक लावू देत नव्हता. १९५४ मध्ये कायदा बदलला, पण तोवर बहुतेक मंडळी घरी परतली होती आणि विषय मागे पडला. १९९८ मध्ये कोरियाने जुना प्रस्ताव पुन्हा मांडला आणि २० ऑगस्ट १९९९ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तो मान्य केला. त्यामुळे युद्ध संपून सेहेचाळीस वर्षं झाल्यावर हे पदक अधिकृत झालं. १९५३-५४ मध्ये सैन्यातून सुटलेल्या कोणाच्याही मूळ कागदावर ते लिहिलेलं नसतं ते याच कारणामुळे. घरच्यांना वाटतं की आजोबांना डावललं. तसं काही नाही. त्या दिवशी टंकलेखकाला लिहिता येईल असं हे पदक अमेरिकेच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं.

आता पात्रता. दोन गोष्टी लागतात, तारीख आणि जागा. दोन्ही एकाच वेळी जुळाव्या लागतात, आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात.

तारीख २५ जून १९५० ते २७ जुलै १९५३. पहिली तारीख उत्तर कोरियाचं सैन्य ३८ व्या अक्षांशाच्या खाली उतरलं त्या दिवसाची, दुसरी पानमुनजोम इथे युद्धबंदीवर सह्या झाल्या त्या दिवसाची. हे वाचताना अमेरिकेचं स्वतःचं 'कोरियन सर्व्हिस मेडल' आणि संयुक्त राष्ट्रांचं कोरिया पदक बाजूला ठेवा, कारण त्या दोघांच्या तारखा वेगळ्या आहेत: २७ जून १९५० ते २७ जुलै १९५४. सुरुवात दोन दिवस उशिरा, शेवट चक्क एक वर्ष उशिरा. सुरुवातीचा फरक फार थोड्यांना लागतो, मुख्यतः युद्ध पेटलं तेव्हा आधीपासून कोरियात असलेल्या अमेरिकी सल्लागार तुकडीतल्या माणसांना. शेवटचा फरक मात्र हजारोंना लागतो. १९५३ च्या ऑगस्टमध्ये इंचॉनला उतरलेल्या सैनिकाला कोरियन सर्व्हिस मेडल मिळालं असेल, संयुक्त राष्ट्रांचंही मिळालं असेल, पण कोरियन सरकारचं युद्ध-पदक मिळणार नाही. त्याच्या छातीवर 'कोरिया' लिहिलेली दोन पदकं आहेत, म्हणून तिसरंही आपोआप लागू होतं, हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे.

१९५३ च्या उन्हाळ्यात निघालेल्या माणसाच्या बाबतीत तारीख फार बारकाईने बघावी लागते. सियाटल किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून सुटलेल्या जहाजाला पॅसिफिक ओलांडायला साधारण दोन आठवडे लागत. मग बरेच जण आधी जपानमध्ये, टोकियोजवळच्या कँप ड्रेकसारख्या बदली-डेपोत उतरत, तिथे बूट-बंदूक मिळे, काही दिवस जात आणि मग कोरियाचं जहाज किंवा आगगाडी-बोट असा पुढचा टप्पा. अमेरिका सोडल्याची तारीख जुलैच्या सुरुवातीची असेल तर कोरियात पाय ठेवल्याची तारीख २७ जुलैच्या अलीकडची की पलीकडची, हे सिद्ध करणारा कागद हवाच. घरातल्या आठवणीवर हा प्रश्न सुटत नाही.

आणि २८ जुलै १९५४ पासून पुढे कोरियात सेवा केलेल्यांसाठी 'कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल' आहे. ते अमेरिकेचं स्वतःचं पदक, त्याचा कायदा २००२ च्या डिसेंबरमध्ये झाला. नावं इतकी सारखी आहेत की दुकानदारसुद्धा चुकीचं पाकीट देतात. अर्जात पदकाचं पूर्ण नाव लिहा, नुसतं 'कोरियन मेडल' असं कधीच लिहू नका.

जागेची अट अशी: कोरियाच्या हद्दीत किंवा लगतच्या समुद्रात. त्यातही दोन प्रकार. ज्याची कायम नेमणूक कोरियातल्या तुकडीत होती, त्याला दिवसांची अट नाही. दहाव्या दिवशी जखमी होऊन परत पाठवलेला माणूस पात्र आहे. जो तात्पुरत्या कामावर आला होता, त्याला सलग ३० दिवस किंवा तुटक मिळून ६० दिवस भरावे लागतात. आणि कोरियावर लढाईसाठी किंवा लढाईला मदत म्हणून उड्डाण केलेल्या विमानाच्या कर्मचाऱ्यांना ही दिवसांची मोजणी लागू नाही.

हा फरक समजून घ्या, कारण सगळा हिशेब यावर फिरतो. समजा एक रेडिओ मेकॅनिक जपानमधल्या तळावर नेमलेला होता आणि दुरुस्तीसाठी अधूनमधून कोरियात जाई: एकदा बारा दिवस, एकदा वीस, एकदा नऊ. बेरीज एक्केचाळीस. सलग तीस कुठेच नाहीत, तुटक साठ भरत नाहीत, म्हणून अपात्र. तोच मेकॅनिक कोरियातल्या तुकडीत कायम नेमलेला असता तर एका आठवड्यावरही पात्र ठरला असता. हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे आणि अर्जात त्यावर वाद घालून उपयोग होत नाही. चौथी फेरी झाली होती का, तिचा प्रवासाचा आदेश कुठे सापडतो का, हे शोधण्यात वेळ घालवलेला बरा. कोरियात कायम नेमणूक असलेला सैनिक पाच दिवसांच्या विश्रांतीला जपानला गेला, तर त्याने काही बिघडत नाही.

जपानचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा. अमेरिकेचं कोरियन सर्व्हिस मेडल काही अशा तुकड्यांनाही दिलं गेलं, ज्या कोरियाबाहेर राहून लढाईला थेट आधार देत होत्या. म्हणजे ते पदक असलेला माणूस कोरियात गेलाच होता असं सिद्ध होत नाही. त्या पदकाच्या फितीवर छोटा कांस्य तारा असेल तर गोष्ट वेगळी. तो एखाद्या ठराविक मोहिमेतल्या सहभागाचा असतो आणि अर्जाला बळ देतो. अशा एकूण दहा मोहिमा मानल्या गेल्या. पायदळातल्या माणसाकडे 'कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज' असेल, निळ्या पट्टीवर लांब बंदूक आणि भोवती पानांची माळ, आणि तो त्या वर्षांतला असेल, तर जागेचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

नौदलाचा हिशेब जहाजावरून होतो. जपानमधल्या सासेबो किंवा योकोसुका बंदरात उभं असलेलं जहाज कोरियाच्या समुद्रात नव्हतं. ते कुठल्या दिवशी कुठे होतं, हे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीत, म्हणजे डेक लॉगमध्ये, सापडतं. त्या वह्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आजोबा त्या जहाजावर कोणत्या महिन्यांत होते हे आधी त्यांच्या सेवापत्रावरून ठरवा, मगच लॉग मागवा. नाहीतर दोन-तीन वर्षांची पानं चाळत बसावं लागेल.

आता कागद. पहिला आणि मुख्य कागद म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेला डीडी-२१४. १९५० पासून हा फॉर्म वापरात आला, म्हणजे कोरियातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे तो असतो. त्यात तीन जागा बघा. पहिली, शेवटची नेमणूक कुठल्या तुकडीत. दुसरी, पदकांची यादी. तिसरी, परदेशातल्या किंवा समुद्रावरच्या सेवेचा काळ, जो वर्षं, महिने, दिवस असा लिहिलेला असतो. इथे लोक फसतात. 'परदेशातली सेवा: १ वर्ष, ४ महिने' असं वाचून ते कोरियाचंच समजतात. त्यात जपान, ओकिनावा, वाटेतला समुद्रप्रवास, सगळं मिसळलेलं असतं. त्याच वर्षांत असंख्य अमेरिकी सैनिक जर्मनीत होते, त्यांच्याही कागदावर हीच नोंद दिसते. हा आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो, जागा सांगत नाही.

डीडी-२१४ हरवला असेल तर सेंट लुईस इथल्या राष्ट्रीय सेवा-अभिलेख केंद्राकडे स्टँडर्ड फॉर्म १८० भरून मागायचा. पदकाची मागणीही याच फॉर्मवर होते. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मागता येतात, पण पदकाची मागणी ठळक आणि पूर्ण नावानिशी लिहा.

या केंद्रात १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीबद्दल माहिती नसेल तर पुढच्या पत्राने धक्का बसतो. सहाव्या मजल्यावरच्या सुमारे १६ ते १८ दशलक्ष फायली गेल्या. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९६० च्या सुरुवातीपर्यंत भूदलातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या फायली त्यात होत्या. कोरियातले बहुतेक सैनिक याच काळातले. वायुदलाचं नुकसान वेगळ्या पद्धतीचं झालं: १९४७ ते १९६४ या काळात सुटलेल्यांपैकी आडनावाने 'हबर्ड, जेम्स ई.' च्या पुढे येणाऱ्यांच्या सुमारे ७५ टक्के फायली जळाल्या. म्हणजे वायुदलातला 'अँडरसन' सुखरूप, 'विल्सन' बहुधा गेलेला. नौदल आणि मरीन यांच्या फायलींना झळ लागली नाही.

'तुमची फाइल आगीत नष्ट झाली असावी' असं उत्तर आलं की बरेच जण थांबतात. थांबू नका. त्या उत्तराबरोबर सहसा एनए फॉर्म १३०५५ येतो, फाइल दुसऱ्या स्रोतांवरून उभी करण्यासाठी. तो जितका तपशीलवार भराल तितकं काम होतं. यातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे भूदलाचे 'मॉर्निंग रिपोर्ट'. प्रत्येक कंपनी रोज सकाळी एक पान भरत असे. पण त्यात सगळ्यांची हजेरी नसे, फक्त बदल लिहिले जात: आज कोण नवा आला, कोण इस्पितळात गेला, कोण बदलून गेला, कोणाला बढती मिळाली. म्हणून नुसती 'सातवी डिव्हिजन' सांगून शोध लागत नाही. कंपनीपर्यंत माहिती हवी, उदाहरणार्थ अमुक रेजिमेंटची 'के' कंपनी, आणि काळही तीनेक महिन्यांच्या आत बसवावा लागतो. ज्या दिवशी तो माणूस कंपनीत दाखल झाला, नेमक्या त्या दिवसाच्या पानावर त्याचं नाव असतं. ते पान, कंपनी तेव्हा कोरियात कुठे होती हे लिहिलेलं, म्हणजे तारीख आणि जागा दोन्ही एकाच कागदावर.

कंपनी कशी शोधायची? घरातली जुनी पत्रं काढा. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात हुद्दा, सेवाक्रमांक, कंपनी, रेजिमेंट आणि एपीओ क्रमांक, एवढं सगळं असतं. एपीओ क्रमांक म्हणजे सैनिकी टपालाचा पत्ता, त्यावरून तुकडी त्या काळात कुठल्या देशात होती ते कळतं. आणि तिकिटाच्या कोपऱ्याकडे बघा. १९५० च्या जुलैपासून कोरियातल्या अमेरिकी सैनिकांना टपालखर्च माफ होता, त्यामुळे तिकिटाऐवजी हाताने 'फ्री' असं लिहिलेलं दिसतं. जपानच्या तळावरून नेहमीसारखं तिकीट लावून आलेलं पाकीट आणि 'फ्री' लिहिलेलं पाकीट शेजारी ठेवलं, शिक्क्यांच्या तारखा क्रमाने लावल्या, की माणूस जपानमधून कोरियात कोणत्या आठवड्यात गेला ते पुष्कळदा उघड होतं. पाकीट हा स्वतः अधिकृत पुरावा नाही, पण मॉर्निंग रिपोर्ट कोणत्या महिन्याचा मागायचा हे तेच सांगतं. पत्रं जपून ठेवणाऱ्या आज्या पाकिटं मात्र फेकून देतात. असतील तर आधी त्यांचे फोटो काढा.

फॉर्म भरताना काही गोष्टी जपा. सेवाक्रमांक म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हे. भूदलाने तो नंबर १९६९ पासून वापरायला घेतला. कोरियाच्या वेळी वेगळा क्रमांक असे आणि त्याच्या आधी अक्षरं: 'आरए' म्हणजे नियमित सैन्य, 'यूएस' म्हणजे सक्तीच्या भरतीतला, 'एनजी' म्हणजे नॅशनल गार्ड. ही अक्षरं गाळू नका. सैनिक हयात असेल तर सही त्याचीच हवी, स्वतःच्या हाताने आणि तारखेसह. नातवाने 'त्यांच्या वतीने' केलेली सही परत येते. सैनिक वारलेला असेल तर जवळचा नातेवाईक अर्ज करू शकतो. त्यात पुनर्विवाह न केलेली पत्नी किंवा पती, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण एवढेच सहसा धरतात. नातवंडं त्या यादीत नाहीत, फक्त भूदल पदकाच्या मागणीसाठी सर्वांत मोठ्या नातवंडालाही धरतं. म्हणून शक्यतो नातवाने फॉर्म भरावा आणि सही आईची किंवा मामाची घ्यावी. मृत्यूचा दाखला, अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचं पत्र किंवा वर्तमानपत्रात छापलेली निधनवार्ता सोबत लागते.

दुसरा एक रस्ताही आहे. सैन्यातून सुटून ६२ वर्षं झाली की फाइल अभिलेखागाराची होते आणि ती कोणालाही मागवता येते. नातं लागत नाही, फी लागते: पाच पानांपर्यंत २५ डॉलर, सहा किंवा जास्त पानांना ७० डॉलर. कोरियात लढून १९५०च्या दशकात सुटलेल्यांच्या फायली आता याच गटात आहेत. नातवंडांना पुरावा गोळा करायला हा मार्ग बरा. फाइल हातात आली की मग योग्य नातेवाइकाच्या सहीने पदकाची मागणी करावी.

मंजुरी मिळाली तर मूळ डीडी-२१४ खोडून नवा देत नाहीत. डीडी-२१५ नावाचा दुरुस्तीचा कागद जोडतात. तो मूळ कागदाला कायमचा लावून ठेवा. गणवेशावर किंवा चौकटीत लावताना क्रम असा की हे पदक कुवेत सरकारच्या मुक्ती-पदकाच्याही नंतर येतं, म्हणजे अमेरिकी क्रमात अगदी शेवटी. चौकट बनवणारे त्याला संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया पदकाच्या शेजारी, कधी आधीसुद्धा, बसवतात. ऑर्डर देताना सांगून ठेवा.

याच्या जोडीला कोरियन सरकारचं 'अँबॅसेडर फॉर पीस मेडल' आहे. ते आभार म्हणून दिलं जातं. सुरुवातीला कोरियाला पुन्हा भेट देणाऱ्या माजी सैनिकांना मिळे, नंतर प्रवास न जमणाऱ्यांनाही मिळू लागलं. त्याची विनंती कोरियन वाणिज्य दूतावासाकडे डीडी-२१४ ची प्रत जोडून करायची. अमेरिकी गणवेशावर ते लावत नाहीत आणि ते मिळालं म्हणून युद्ध-पदकाचा हक्क सिद्ध होत नाही. वृद्ध माणसाच्या हयातीत काहीतरी हातात पडावं असं वाटत असेल तर आधी याच्यासाठी अर्ज करावा, युद्ध-पदकाचा शोध मागून चालू द्यावा. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला आगीतल्या फाइलची वाट बघायला लावणं योग्य नाही.

इतर देशांचे नियम इतर देशांचे. ब्रिटनचं जुनं धोरण असं की त्याच सेवेसाठी स्वतःचं पदक दिलेलं असेल तर परक्या सरकारचं दुसरं घालू द्यायचं नाही. मलेशियाच्या 'पिंगात जासा मलेशिया'च्या बाबतीत तर २००६ मध्ये ब्रिटिश सैनिकांना पदक घ्यायची परवानगी मिळाली, छातीवर लावायची नाही. ती पुढे कित्येक वर्षांनी मिळाली. म्हणून ब्रिटिश शेजाऱ्यासाठी अमेरिकी फॉर्म वापरू नका.

आता आपल्याकडचं. भारताच्या दोन तुकड्या कोरियात गेल्या आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते. पहिली लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. ती १९५० च्या नोव्हेंबरमध्ये पोचली, राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर राहिली, आणि मार्च १९५१ मध्ये तिच्यातली एक तुकडी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नी इथे उतरली. ही माणसं युद्धाच्या काळातली. दुसरी म्हणजे कस्टोडियन फोर्स इंडिया, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखाली, परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला. तिच्यात २ पॅरा (मराठा) ही पलटण होती, त्यामुळे सातारा-कोल्हापूर-कोकणातल्या घरांत 'आजोबा कोरियात होते' हे वाक्य ऐकू येतं ते बहुधा या फौजेमुळे. ही फौज १९५३ च्या सप्टेंबरच्या सुमारास तिथे पोचली, युद्धबंदीनंतर. अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतीय सैन्याला इतका विरोध होता की जवानांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू न देता इंचॉनहून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं. कोरियाच्या युद्ध-पदकाच्या तारखांत ही सेवा बसत नाही. काही दलाल पैसे घेऊन ते 'मिळवून' द्यायची भाषा करतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

या आजोबांसाठी भारताचं स्वतःचं पदक आहे: कस्टोडियन फोर्समधल्यांसाठी 'कोरिया' पट्टी असलेलं विदेश सेवा पदक. फील्ड अँब्युलन्समधल्यांसाठी १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर 'ओव्हरसीज कोरिया १९५०-५३' अशी पट्टी, आणि संयुक्त राष्ट्रांचं कोरिया पदक. चौकशी सैनिकाच्या रेकॉर्ड ऑफिसात होते: आर्मी मेडिकल कोअरचं लखनौला, पॅराशूट रेजिमेंटचं बंगळूरला. आधी डिस्चार्ज बुकची प्रत घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि अर्जात पलटणीचं तेव्हाचं नाव जसंच्या तसं लिहा, आजचं नाही.